प्रश्न तुमचे: जहाज बघायला निघताना

मागच्या अंकात समुद्रकाठच्या संग्रहालय-जहाजांविषयी प्रश्न मागवले होते. नाशिकपासून समुद्र लांब, तरी पत्रांचा ढीग पडला. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत. तिकिटांचे दर सारखे बदलतात, म्हणून ते दिलेले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत विशाखापट्टणमला जातोय. आम्ही दोघं, सहा आणि अकरा वर्षांची मुलं आणि आई. आईचं वय एकाहत्तर, गुडघे दुखतात. ‘कुरसुरा’ पाणबुडी सगळ्यांना दाखवायची आहे. दिवस कसा आखावा?
— एक वाचक, इंदिरानगर

आधी वार बघा. सोमवारी पाणबुडी बंद असते. मंगळवार ते शनिवार ती दुपारी दोनला उघडते आणि रविवारी सकाळी दहाला. सणासुदीला वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी हॉटेलातून विचारून घ्या. रविवार सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी अख्खं शहर रामकृष्ण बीचवर असतं. मधल्या वारी दीडच्या सुमारास रांगेत उभं राहिलात तर आत नीट बघायला मिळेल.

पाणबुडी बाहेरून ९१ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. ही रुंदी बघून फसू नका. आत पाण्याचा दाब सोसणारं दुसरं कवच आहे, त्यात दोन्ही बाजूंना यंत्रं, व्हॉल्व आणि पाइप. मधे जागा उरते ती एका माणसापुरती. एकामागे एक सात कप्पे, पुढच्या टोकाला शिरायचं आणि मागच्या टोकाला बाहेर पडायचं. मागून रांग येत असते, त्यामुळे मधेच परत फिरता येत नाही. आईंना न्यायचं की नाही हे बाहेरच ठरवायला हवं ते यासाठी.

कप्प्यांमधली दारं गोल आहेत, मोठ्या परातीएवढी. दोन्ही हातांनी वरची कड धरायची, एक पाय पलीकडे टाकायचा, अंग कडेवरून सरकवायचं, डोकं काढायचं आणि मग दुसरा पाय. बहुतेक जण डोकं आधी घालतात, पलीकडे गेलो असं समजून ताठ होतात आणि डोक्याला किंवा पाठीला लोखंड लागतं. दोन्ही पाय पलीकडे जाईपर्यंत वाकलेलंच राहायचं. सहा वर्षांच्या मुलाला कड उंच पडेल. एक मोठा माणूस पुढे, मग मूल, मग दुसरा मोठा, असा क्रम ठेवा. सॅक पाठीवर नको, व्हॉल्वच्या चाकांत अडकते, पोटावर घ्या. साडी आणि सपाता या दोन्हींनी पंचाईत होते. सलवार किंवा पँट आणि रबरी तळाचे बूट बरे.

आईंची परीक्षा घरीच घ्या. दारात फूटभर उंचीचं स्टूल आडवं ठेवा. चौकट धरून, मान वाकवून त्यांना पलीकडे पाय टाकता येतो का आणि हे लागोपाठ सहा वेळा जमतं का ते बघा. तिसऱ्या वेळी ‘आई गं’ निघालं तर त्यांना बाहेर बसवा. त्यात त्यांचं फार नुकसान नाही. पाणबुडीचा आकार आणि मागचे पंखे बाहेरूनच दिसतात. जवळच १९७१ च्या युद्धाचं ‘व्हिक्टरी अॅट सी’ स्मारक आहे. त्या युद्धात ३ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी याच बंदराच्या तोंडाशी बुडाली.

आत माहिती देणारे बहुतेक नौदलातून निवृत्त झालेले असतात. पाठ केलेलं सांगून ते पुढे सरकतात, पण नेमकं विचारलं की खुलतात. ‘झोपायला किती जणांना जागा होती?’ किंवा ‘गोडं पाणी किती मिळायचं?’ असं मुलांना विचारू द्या. टॉर्पेडोच्या नळ्या पुढे सहा आणि मागे चार आहेत. मुलांना त्या मोजायला लावा. मोजताना ती गप्प राहतात हाही फायदा.

बाहेर आल्यावर मुलं पाण्याकडे धावतील. या किनाऱ्यावर पाण्याची ओढ वाईट आहे. घोट्यापर्यंतच जाऊ द्या.

नाशिकहून जायचं तर कल्याण गाठून तिथून लोकमान्य टिळक टर्मिनस–विशाखापट्टणम एक्स्प्रेस पकडणं सोपं पडतं. प्रवास एका दिवसाहून जास्त आहे. राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल येतो तेव्हा मुलांना उठवा. रामकुंडावर पाहिलेली गंगा तिथे केवढी झालीय हे दिसलं पाहिजे.

आमच्या शेडचे पत्रे दर दोन-तीन वर्षांनी गंजतात. ती पाणबुडी २००२ पासून खाऱ्या वाऱ्यात उभी आहे, मग ती कशी टिकते? आणि ‘विक्रांत’ का टिकवता आली नाही?
— एक लघुउद्योजक, सातपूर

‘कुरसुरा’ १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पाण्याबाहेर काँक्रीटच्या आधारावर उभी असल्याने तिला बुडायची भीती नाही, शिंपले चिकटत नाहीत. पण त्याचा तोटाही आहे. पाण्यातल्या जहाजाच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. हवेत मात्र हा उपाय चालत नाही, कारण ठोकळा आणि पोलाद यांना जोडणारं पाणी सलग नसतं. म्हणजे सगळी भिस्त रंगावर.

रंग सपाट पत्र्यावर टिकतो. तो हरतो कडांवर, वेल्डिंगच्या रेषेवर, बोल्टच्या डोक्यावर, कठड्याच्या खांबाच्या पायाशी आणि जिथे पाणी साचतं तिथे. कडेवर रंगाचा थर आपोआप पातळ बसतो, म्हणून जाणकार रंगारी आधी फक्त कडांना ब्रशने एक हात देतात आणि मग पूर्ण हात मारतात. दुसरी गोष्ट मिठाची. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पोलाद ओलं राहतं. मीठ न धुता रंग दिला तर काही महिन्यांत फोड येतात आणि फोडाखाली गंज वाढत राहतो. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग पांढऱ्या धातूपर्यंत घासून त्याच दिवशी प्रायमर. दुसऱ्या दिवसावर टाकलं की घासण्याची मजुरी वाया. तुमच्या शेडलाही हेच लागू. तिथे मिठाच्या जागी कारखान्यांच्या धुरातली आम्लं आहेत एवढाच फरक.

तरंगत्या जहाजांची तऱ्हा आणखी वाईट. सर्वांत जास्त झीज पाण्याच्या रेषेवरच्या पट्ट्यात, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात. आणि तळ आतून सडतो तो पावसाच्या पाण्याने. लाकडी डेकच्या फटीतून पाणी झिरपतं, तळाशी साचतं आणि तिथे कोणी बघत नाही. अमेरिकेत बफेलोला ‘द सलिव्हन्स’ ही जुनी विनाशिका एप्रिल २०२२ मध्ये धक्क्याला बांधलेल्या जागीच अर्धवट बुडाली, तळाला भगदाड पडून. उपाय एकच, दर काही वर्षांनी सुक्या गोदीत नेऊन तळ उघडा करून पत्रे बदलायचे. या एका कामाच्या खर्चापुढे वर्षभराची तिकीटविक्री चिल्लर ठरते.

‘विक्रांत’ इथेच अडकली. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने बंद केली. कायमचा पैसा लावणारा धनी मिळाला नाही. २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती मुंबईतच मोडली गेली. दोनशे मीटरहून लांब जहाजाला कायमची जागा, त्याभोवती खोल पाणी किंवा भराव आणि दरसाल दुरुस्ती लागते. हे सगळं निवृत्तीच्या आधी ठरवावं लागतं. नंतर नुसत्या सह्यांच्या मोहिमा उरतात.

मुलगी सॅन डिएगोला असते. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय, वय पासष्टच्या आसपास. जावई म्हणतात, ‘मिडवे’ला दोन तास पुष्कळ. खरंय का? आणि तिथलं ‘स्टार ऑफ इंडिया’ आपल्याकडे बांधलं होतं का?
— एक वाचक, गंगापूर रोड

जावयांनी बहुधा फक्त वरचा डेक पाहिला असेल. ‘मिडवे’ ही १९४५ ते १९९२ अशी सत्तेचाळीस वर्षं चाललेली विमानवाहू नौका, लांबी १,००१ फूट, उड्डाणाचा डेक एकटाच चार एकर. चार तास धरा. दारं दहाला उघडतात, शेवटचा प्रवेश चारला आणि पाचला बंद. दहालाच पोहोचा आणि आधी वरच्या डेकवर जा. डेकवरच्या मनोऱ्यात माणसं थोडी थोडी सोडतात, त्यामुळे रांग साठते. विमानांच्या हॅंगरमधून वर जायला लिफ्ट आहे. तळमजल्यांना मात्र शिड्याच, जवळजवळ उभ्या. उतरताना तोंड शिडीकडे आणि पाठ बाहेर, दोन्ही हात कठड्यावर. खलाशी पुढे तोंड करून धावत उतरतात, त्यांची नक्कल नको. बोळातून चालताना प्रत्येक चौकटीला नडगीच्या उंचीचा पोलादी उंबरा येतो. फोटो काढत चालणाऱ्याची नडगी त्यावर हमखास आपटते.

गुडघे कुरकुरत असतील तर सरळ हॅंगर आणि वरचा डेक एवढंच करा. इंजिनांचा भाग सोडला तर चुटपुट लागेल, पण दुपार हाताशी राहील आणि दुपारचं जहाज आमच्या मते जास्त मोलाचं आहे.

तिथून उत्तरेकडे किनाऱ्याच्या रस्त्याने दहा-बारा मिनिटं चाललात की मॅरिटाइम म्युझियम येतं. तिकीट वेगळं, पण एकाच तिकिटात तिथली सगळी जहाजं. ‘स्टार ऑफ इंडिया’ आपल्याकडचं नव्हे. ते १८६३ मध्ये आयल ऑफ मॅनवर रॅम्झीला बांधलं, नाव होतं ‘युटर्पी’. १९०६ मध्ये अलास्कातल्या सामन माशांचा धंदा करणाऱ्या कंपनीने ते बदललं. त्यांच्या ताफ्यात ‘स्टार ऑफ अमुक’ अशीच नावं असत. तरी आपला संबंध आहे. पहिल्याच सफरीत ते कलकत्त्याला निघालं आणि वेल्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाला धडकलं. पुढच्या सफरीत बंगालच्या उपसागरात वादळ लागलं आणि जहाज वाचवायला डोलकाठ्या तोडाव्या लागल्या. परतीच्या वाटेवर कप्तान वारला. १८७१ पासून इंग्लंडहून न्यूझीलंडला स्थलांतरित नेता नेता या जहाजाने पृथ्वीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या.

वरून शिडाच्या दोऱ्या बघून परत फिरू नका. मधल्या डेकवर उतरा आणि भिंतीला हात लावा. पत्रे रिव्हेटांनी जोडलेले आहेत आणि ते पोलाद नाही, घडीव लोखंड आहे. या लोखंडात भट्टीतल्या मळीचे धागे राहिलेले असतात आणि गंज त्यांना अडखळतो. दीडशेवर वर्षं ते तरंगतंय याचं एक कारण हे आहे.

शेजारी ‘बर्कली’ ही १८९८ ची वाफेवरची फेरीबोट आहे. तिच्या इंजिनात वाफ तीनदा वापरतात, आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्या, मग मोठ्या. दाब उतरत जातो तसा सिलिंडरचा व्यास वाढवावा लागतो. इंजिनासमोर उभं राहून तिन्ही मापं डोळ्यांनी ताडून बघा.

जुन्या प्रवासपुस्तिकेत तिथे ‘बी-३९’ ही रशियन पाणबुडी दिसेल. ती ‘कुरसुरा’च्याच वर्गातली. २००५ पासून तिथे होती, पण गंज हाताबाहेर गेला आणि २०२२ मध्ये मोडायला नेली. तिच्यासाठी वेळ राखू नका.

जाकीट न्या. जूनमध्ये तिथे दुपारपर्यंत मळभ असतं आणि डेकवर वारा बोचतो.

ओझरला विमानांच्या कामात आयुष्य गेलं. विशाखापट्टणमचं टीयू-१४२ बघण्यासारखं आहे का?
— एक निवृत्त तंत्रज्ञ, ओझर

तुम्ही तर जरूर बघा. पाणबुडीच्या समोर, रस्ता ओलांडला की आहे. १९८८ मध्ये आलेली ही पाणबुडीशोधक विमानं २९ मार्च २०१७ ला निवृत्त झाली, संग्रहालय त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालं. चार टर्बोप्रॉप इंजिनं, प्रत्येकावर एकामागे एक उलटसुलट फिरणारे दोन पंखे. पुढच्या पंख्याने हवेला दिलेला पीळ मागचा उलगडतो. पंख्यांच्या मुळाशी उभं राहा आणि पात्यांचे कोन उलट कसे बसवलेत ते बघा. आत शिरल्यावर बाकीचा वेळ सोनोबॉयच्या, म्हणजे समुद्रात टाकून पाणबुडीचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांच्या, कप्प्यात घालवा.

आठवी-नववीच्या मुलांना पाणबुडी दाखवायची आहे. विज्ञानाच्या पुस्तकाशी काय जोडता येईल?
— एक शिक्षिका, पिंपळगाव बसवंत

दोन गोष्टी धरा, बाकी सोडा.

पहिली बुडणं आणि वर येणं. दोन कवचांच्या मधे टाक्या आहेत, खाली भोकं आणि वर झडपा. वर तरंगताना झडपा बंद, टाकीत कोंडलेली हवा पाण्याला आत येऊ देत नाही. झडपा उघडल्या की हवा वरून निघून जाते, पाणी खालून भरतं आणि पाणबुडी बुडते. वर यायला झडपा बंद करून उच्च दाबाची हवा सोडायची, पाणी खालच्या भोकांतून बाहेर. शाळेत हे प्लास्टिकच्या बाटलीने दाखवता येतं. तळाला दोन भोकं, झाकणाच्या जागी रबरी नळी. नळीचं टोक दाबून धरलं तर बाटली तरंगते, सोडलं तर बुडते, फुंकलं तर वर येते. बाटली आडवी होऊन फसते, म्हणून तळाशी भोकांच्या बाजूला दोन-तीन नटबोल्ट बांधून वजन द्या. नियंत्रण कक्षात व्हॉल्वच्या रांगा दिसतील तेव्हा मुलांना बाटली आठवेल.

दाबाचं गणितही करून घ्या. समुद्रात १०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर पाण्याचा भार सुमारे १०२ टन. ६० सेंटिमीटर व्यासाच्या दारावर किती? उत्तर येतं जवळजवळ २९ टन. मग दारं गोल आणि जाड का, हे मुलंच सांगतील.

दुसरी गोष्ट ऊर्जा. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि खोल पाण्यात ती मिळत नाही. म्हणून वर असताना तीन डिझेल इंजिनं चालवून बॅटऱ्या भरायच्या आणि खाली विजेच्या मोटरींवर जायचं. बॅटऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात, माणसं राहायची त्या खोल्यांच्या जमिनीखाली आहेत. शिशाच्या बॅटऱ्या भरताना हायड्रोजन सुटतो. तो साचला तर एक ठिणगी पुरते, म्हणून बॅटरीच्या कप्प्यातली हवा सतत बाहेर काढावी लागे. डिझेल, मोटर, पंखा असे तीन संच शेजारी शेजारी आहेत. मधल्या आसावर अगदी हळू, आवाज न करता जाण्यासाठी एक छोटी मोटर वेगळी.

गट वीसपेक्षा मोठा करू नका. मागच्यांना काही ऐकू येत नाही.

आपल्या लोकांनी बांधलेलं जुनं जहाज कुठे शिल्लक आहे का?
— एक वाचक, जुने नाशिक

आहे, इंग्लंडात. हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ तरंगतंय. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलं. कण्यात पहिला खिळा चांदीचा ठोकला होता, पारशी रिवाजाप्रमाणे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडातलं ओकचं लाकूड आटलं होतं, म्हणून मलबारचं सागवान वापरलं. टिकण्याचं गुपित तिथेच आहे. ओकमधलं टॅनिक आम्ल लोखंडी खिळे खातं. सागवानात तेल असतं, ते खिळे आणि लाकूड दोन्ही राखतं. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत हीच सर्वांत जुनी. लंडनहून जाऊन-येऊन एका दिवसात दमछाक होते. त्या बाजूला मुक्काम असेल तरच जा.

इतक्या लांब जाणं जमणार नाही. जवळ काय आहे?
— तीन पत्रं: देवळाली कॅम्प, सिन्नर, म्हसरूळ

कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीकाठी नौदलाची ‘टी-८०’ ही निवृत्त जलद गस्ती नौका २०२४ मध्ये आणून ठेवली आहे. ती १९९८ मध्ये नौदलात आली होती. आकाराने लहान, पण मुंबईला जाता-येता वाट वाकडी करण्याइतकी जवळ. आत सोडतात का, हे निघण्याआधी विचारा. गोव्याची सहल ठरत असेल तर खाली कारवारला टागोर बीचवर ‘चपल’ ही क्षेपणास्त्र नौका आहे. आत जाता येतं आणि तासाभरात होते.

चालतं जहाज बघायचं असेल तर ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास मुंबईत काही युद्धनौका लोकांसाठी खुल्या ठेवतात. घोषणा नोव्हेंबरात येते. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं, झेरॉक्स चालेलच असं धरू नका. पहाटेची गाडी पकडा, कारण दुपारनंतर रांग तोडतात आणि ताटकळलेल्यांना परत पाठवतात.